ओल्शेन्काचा भूगोल आणि इतिहास

निशिगंधा मूळची पुण्याची आणि धंद्याने नकाशेवाली, म्हणजे संशयाला दोन्हीकडून खतपाणी. कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघणारी, आणि पत्ता सांगणाऱ्याला आधी 'तुम्ही स्वतः गेलायत का तिथे?' असं विचारणारी बाई. हॉलंडात येऊन तिला चार वर्षं झाली होती. आर्नहेमच्या ज्या कंपनीत ती होती, तिथे मोटारीच्या काचेला चिकटवायच्या नॅव्हिगेशनसाठी युरोपचे नकाशे तयार होत. २००६ साली ते यंत्र नुकतंच घराघरांत शिरत होतं आणि लोक त्यातली बाई सांगेल तिकडे गाडी वळवू लागले होते. निशिगंधाला याची मोठी गंमत वाटे. आपण इथे तिसऱ्या मजल्यावर कॉफी पीत एक रेघ ओढायची, आणि तिकडे कोणीतरी बायकापोरांसह त्या रेघेवरून जायचं.

त्या वर्षी तिच्या वाट्याला चेक प्रजासत्ताक आलं होतं. त्या देशात ती कधी गेली नव्हती. जायचं तर वेगळा व्हिसा काढावा लागला असता, कारण तिचा हॉलंडचा परवाना जर्मनीत चाले, त्याच्या पुढे नाही. पण तिथली सहा हजार गावं तिच्या बोटांखालून गेली होती. नव्या आवृत्तीत प्रत्येक गावाला चार ओळींची माहिती जोडायची होती: भूगोल आणि इतिहास. अमुक शहराच्या आग्नेयेला इतके किलोमीटर, समुद्रसपाटीपासून इतकी उंची, पहिला लेखी उल्लेख तेराशे अमुक साली, वस्ती एवढी. पन्नास गावं झाली की सगळी सारखीच वाटायला लागत. एक चॅपेल, एक तळं, एक आग, एक लढाई. मग ती उठून खिडकीशी जाई आणि ऱ्हाइनवरचे पडाव बघत उभी राही.

आता या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. नकाशा चोरणं सोपं आणि चोरी सिद्ध करणं अवघड, कारण नदी ती नदीच, कोणीही काढली तरी तशीच दिसणार. म्हणून प्रत्येक देशात एक गाव खोटं घालायचं. जंगलातल्या आडवाटेच्या टोकाला, जिथे कोणी चुकूनही जाणार नाही अशा जागी. तेच गाव उद्या दुसऱ्या कंपनीच्या नकाशात दिसलं, की चोर मुद्देमालासकट सापडला. हे गाव कुठलं, ते दोघांनाच ठाऊक असे, बनवणाऱ्याला आणि विभागप्रमुखाला. आणि त्यात एक कडक नियम होता. खोट्या गावाचा आराखडा कुठल्याही खऱ्या गावावरून घ्यायचा नाही, सगळं मनाचं हवं.

हा नियम ज्याने केला त्याने स्वतः कधी गाव काढून पाहिलं नसावं. निशिगंधाने दोन दिवस डोकं खाजवलं. घरं आपोआप एका रांगेत बसत, रस्ते काटकोनात वळत, आणि गाव म्हणून जे काही तयार होई ती हाउसिंग सोसायटी वाटे. तिसऱ्या दिवशी दुपारी, एकदाचं संपवायच्या घाईत, तिने उंबरसोंड काढलं.

उंबरसोंड हे तिच्या वडिलांचं गाव. तिने ते पाहिलेलं नव्हतं. १९६१ साली ते धरणाखाली गेलं आणि ती जन्मली त्यानंतर अकरा वर्षांनी. पण वडील, म्हणजे अप्पा, भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, उभी नोकरी लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली. तिच्या लहानपणी दर मे महिन्यात ते पाठकोऱ्या कागदावर तिला गाव काढून दाखवत. डोंगराची सोंड, सोंडेला वळसा घालणारा ओढा, उतारावर तेवीस घरं, मधोमध देऊळ. निशिगंधाने तेच काढलं. नियम मोडतोय असं तिला वाटलं नाही. जे गाव पंचेचाळीस वर्षं पाण्याखाली आहे त्याला खरं कसं म्हणायचं? तरी मनाच्या समाधानासाठी तिने आराखडा आरशात बघावा तसा उलटा केला, डावीकडचं उजवीकडे. देवळाच्या जागी चॅपेल बसवलं. व्हिसोचिना नावाच्या डोंगराळ भागात एका जंगलात ते टाकलं आणि नाव दिलं ओल्शेन्का. उंची पाचशे बारा मीटर, पहिला लेखी उल्लेख १३७९, वस्ती चौसष्ट.

विभागप्रमुख मारायके उंच, स्पष्ट बोलणारी डच बाई होती. तिने स्क्रीनवर बराच वेळ पाहिलं.

"छान आहे," ती म्हणाली. "सुट्टीत जावंसं वाटतंय."

अप्पा तेव्हा आर्नहेमलाच होते. आई गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि पुण्याच्या घरात ते दिवसदिवस कोणाशी बोलत नाहीत असं शेजारच्या साधनाताईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा निशिगंधाने त्यांना तीन महिन्यांसाठी आणलं. पासष्ट वर्षांचे, काटक, स्वतःचा चहा स्वतः करणारे. सकाळी ते सोन्सबेकच्या बागेत फिरायला जात, कारण तिथे थोडा चढ आहे. बाकी देशाबद्दल त्यांचं मत एका वाक्यात संपे. "यांनी पाण्याला बाहेर ठेवलं, आपण घरात घेतलं." ती कामावर गेली की ते दिवसभर घरात एकटे असत. संध्याकाळी ती आली की कुकर लावलेला असे. ते हळूहळू माणसांत येताहेत असं तिला वाटायला लागलं होतं, आणि त्यांना पुन्हा त्या रिकाम्या घरात पाठवायचं नाही असं तिने मनाशी ठरवलं होतं. आई गेली तेव्हा ती वेळेवर पोचली नव्हती. अप्पांच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नव्हतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती सहज ओल्शेन्काची नोंद उघडून बसली. चार ओळींच्या पाच झाल्या होत्या.

'गावाच्या वरच्या अंगाला शेजारीशेजारी दोन विहिरी आहेत. एकीचे पाणी गोड, दुसरीचे मचूळ.'

हे तिने लिहिलं नव्हतं. बदलांची नोंदवही उघडली, तर त्यात नाव तिचंच होतं, बुधवार, सकाळी अकरा वीस. बुधवारी अकरा वीसला ती मारायकेच्या खोलीत मीटिंगला बसली होती. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली आणि पालीला बसायला जागाही लगेच सापडली: कुशल.

कुशल डोंबिवलीचा. तिच्यासारखाच वर्षावर्षाच्या करारावर. डिसेंबरात दोघांपैकी एकालाच कायम करणार, हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. शिवाय त्याचं काम तपासनिसाचं, म्हणजे तिची प्रत्येक नोंद त्याच्या हाताखालून जाई. गोड बोलायचा, डब्यातली थालीपिठं पुढे करायचा. निशिगंधाला गोड बोलणाऱ्यांची मुळातच धास्ती.

"कुशल, माझ्या रेकॉर्डला हात लावलास?" तिने कॉफीच्या मशीनपाशी त्याला गाठलं.

"कुठल्या?"

"कुठल्याही."

"अगं, मी फक्त चेक करतो, एडिटचा ॲक्सेस तुझा तुला. काय झालं? सांग ना, लॉग बघू दोघं मिळून."

"काही नाही," ती म्हणाली. ओल्शेन्काचं नाव तिने घेतलं नाही. एक तर नियम होता. दुसरं म्हणजे चोराला कोणी तिजोरी दाखवतं का?

तिने वाक्य खोडलं आणि पासवर्ड बदलला.

आठच दिवसांनी कुशलच तिच्या टेबलाशी आला. हातात छापलेले चार फोटो, प्रत्येकाखाली गावाचं नाव आणि पत्ता. रस्ते प्रत्यक्ष तपासायला कंपनीची तिकडे एक गाडी फिरत असे. तिच्या ड्रायव्हरने व्हिसोचिनातल्या काही रस्त्यांचा अहवाल पाठवला होता आणि त्यात ओल्शेन्का होतं. 'रस्ता कच्चा, चारशे मीटर, वाहनास योग्य. गाव तपासले.'

"तुझं रेकॉर्ड अगदी परफेक्ट निघालं बघ," कुशल म्हणाला. "ड्रायव्हर लिहितो, लोक खूप चांगले आहेत, जेवूनच जा म्हणत होते."

निशिगंधा हसली, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचेना. ड्रायव्हरांची जात तिला माहीत होती. खानावळीत बसून, न पाहिलेले रस्ते 'तपासले' म्हणून टाकणारे त्यांच्यात कमी नव्हते. पण मग हे फोटो कुठले? कुठल्यातरी भलत्याच गावाचे घेऊन खपवले असतील. तिने ते नीट पाहिले. उतारावर घरं होती. मागे डोंगराची सोंड होती. तिसऱ्या फोटोत वरच्या अंगाला, लाकडी झाकणं असलेल्या दोन विहिरी शेजारीशेजारी होत्या.

ते फोटो तिने पर्समध्ये घालून घरी आणले. अप्पांना दाखवायचे नव्हते. पण भाजीची यादी शोधायला त्यांनी पर्स उघडली आणि ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा चारही फोटो जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडलेले होते. अप्पा चष्मा लावून त्यांच्यावर वाकले होते.

"उलटं छापलंय तुमच्या लोकांनी," ते म्हणाले. "गोडी विहीर डाव्या हाताला पाहिजे."

निशिगंधा दारातच थांबली. विहिरी अप्पांनी कधीही काढून दाखवल्या नव्हत्या.

"हे चेक प्रजासत्ताकातलं गाव आहे, अप्पा."

"असेल," अप्पा म्हणाले, आणि फोटो गोळा करून त्यांनी तिच्या हातात दिले. पण रात्रीच्या जेवणात ते दोनदा तिसरीकडेच बघत राहिले.

आता संशयाने घर बदललं. तिचा लॅपटॉप बरेचदा घरी असे, पासवर्डची चिठ्ठी ड्रॉवरमध्ये. अकरा वीसला घरात एकच माणूस होता, आणि विहिरींची गोष्ट जगात त्या एकाच माणसाला ठाऊक होती. दोन बोटांनी टाइप करणारे अप्पा कंपनीच्या यंत्रणेत शिरतात, नोंद शोधतात, इंग्रजीत वाक्य लिहितात... हे तिला पटत नव्हतं. पण दुसरं जे काही होतं ते त्याहून कमी पटत होतं. बापावर पाळत ठेवायची वेळ आली याची तिला मनापासून लाज वाटली. तरी तिने पाळत ठेवलीच.

पुढच्या गुरुवारी तिने लॅपटॉप ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून किल्ली खिशात टाकली. बारा दहाला ओल्शेन्काची नोंद डोळ्यांखालून घातली. चारच ओळी. मग कुशलला मुद्दाम कँटीनमध्ये जेवायला घेऊन गेली आणि त्याला समोर बसवून घरी फोन लावला. अप्पांनी पहिल्याच रिंगला उचलला. ते डाळ निवडत होते. पाच-सात मिनिटं तिने त्यांना बोलतं ठेवलं, कुशल समोर दही-भात खात होता, आणि बारा पस्तीसला दोघं जागेवर परत आली. नोंद उघडली.

'१९६१ साली हे गाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात जाणार होते. गेले नाही.'

वेळ बारा वीस. नाव तिचं.

ती उठून मारायकेकडे गेली आणि शक्य तेवढं सांगितलं: नोंदवही बिघडली आहे, ड्रायव्हरने खोटं गाव खरं म्हणून तपासलं आहे. आराखडा कुठून घेतला, ते सांगितलं नाही. मारायकेने दोन दिवस विचार केला आणि सोमवारी निकाल दिला.

"ज्या सापळ्यात आपलाच माणूस अडकला तो सापळा काय कामाचा. काढून टाक. शुक्रवारी तीनला आवृत्ती बंद होते, त्याच्या आत."

तिथली पद्धत अशी की काढायच्या नोंदीवर आधी लाल खूण करायची आणि शेवटच्या दिवशी ती नोंद पुसून टाकायची. खूण असली की तपासनिसालाही ती पुसता येई, पण सहसा ज्याची नोंद तोच पुसे. निशिगंधाने सोमवारीच खूण केली. तिला हायसं वाटलं.

मंगळवारी संध्याकाळी जेवताना तिने अप्पांना विचारलंच.

"अप्पा, खरं सांगा. माझ्या कॉम्प्युटरवर तुम्ही काही लिहिलंत का?"

"मला तो उघडता येत नाही, तुला माहीत आहे."

"मग विहिरी? त्या तुम्ही मला कधी काढून दाखवल्या नाहीत."

अप्पांनी भात कालवायचा थांबवला. "नाही काढल्या," ते म्हणाले. "गोड्या विहिरीच्या कठड्यावर माझ्या हातची खूण होती."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी आईलाही सांगितलं नसावं. धरणाची मोजणी आली तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे, गावातले पहिले मॅट्रिक. मोजणीच्या साहेबांनी त्यांना पट्टी धरायला घेतलं. पाणी कुठवर चढणार ती रेघ गावातून जात होती आणि रेघेच्या खुणा चुन्याने करायच्या होत्या. शेवटची खूण विहिरीवर. घर त्या खुणेच्या खाली होतं. त्यांची आई दारातून बघत होती.

"गाव म्हणत होतं, हलायचं नाही. काय व्हायचं ते होईल," अप्पा म्हणाले. "मीच दारोदार फिरलो. मोजणी खोटी नसते म्हणालो. माझ्या शब्दावर निघाले सगळे. पुढच्या दोन वर्षांत, सरकारने वसवलं त्या माळावर निम्मे मेले, आईसकट. कोणाला पाणी मानवलं नाही, कोणाला काही. पाण्यात बुडून एक माणूस मेलं नाही, निशू, नोंद अगदी स्वच्छ आहे."

तिला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं म्हणूनच, काहीतरी द्यावं म्हणून, तिने नोंदीतली ती धरणाची ओळ त्यांना मराठीत सांगितली. अप्पांनी ती पुन्हा म्हणायला लावली.

"गेले नाही," ते स्वतःशी म्हणाले. "मला तिथे ने."

"अप्पा, ते गाव नाहीये. मी काढलंय ते."

"उंबरसोंड तरी आता कुठे आहे? मी काढतो तेवढंच."

"तुमच्या व्हिसावर तिकडे जाता येत नाही. सीमेवर उतरवतील. आणि शुक्रवारी मी ते पुसणार आहे, विषय संपला."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "कोणी सांगितलं पुसायला?"

"साहेबांनी."

"मलाही साहेबांनीच सांगितलं होतं," अप्पा म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी आणखी भात मागून घेतला.

बुधवारी ती कामावरून आली तेव्हा कुकर लावलेला नव्हता. बूट नव्हते, मफलर नव्हता, पासपोर्ट नव्हता. टेबलावर चिठ्ठी होती. 'दोन दिवस जाऊन येतो. शोधत बसू नकोस. भात फ्रिजमध्ये आहे.'

पोलिसांनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, फोटो ठेवून घेतला. जर्मनीच्या बाजूच्या गाड्या आर्नहेमवरूनच जातात, पण चेक सीमेवर अजून पासपोर्ट बघतात, तिथून ते पुढे जाऊच शकत नाहीत, असं ते म्हणाले. तिलाही तेच वाटत होतं. त्यांच्या पाठीमागे जाण्याचा प्रश्नच नव्हता, व्हिसा तिच्याकडेही नव्हता. गुरुवारभर ती फोनकडे बघत बसली. स्टेशनवर कुठेतरी बाकावर बसलेले अप्पा तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

ओल्शेन्कावरची लाल खूण काढावी असं तिला गुरुवारी दोनदा वाटलं. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही. पण केलेली खूण काढली की ते तपासनिसाला दिसतं. कुशल विचारणार, आणि कुशलच्या हातात असलं काही द्यायला ती तयार नव्हती. नोंद आपल्याच ताब्यात आहे, शेवटच्या घटकेपर्यंत हात लावायचाच नाही, असं तिने ठरवलं.

शुक्रवारी दोन पस्तीसला टेबलावरचा फोन वाजला. नंबर शून्य शून्य चारशे वीसने सुरू होत होता. चेक प्रजासत्ताक.

"निशू, पोचलो गं."

अप्पांच्या मागे बारीक खळखळ ऐकू येत होती.

"कुठे आहात तुम्ही?"

"अगं, तिथेच. बस खाली फाट्यावर सोडते, पुढे चालत आलो. चढ आहे, पण बरा आहे."

"सीमेवर?"

"कोणी काही विचारलं नाही."

"फोन कुठून करताय?"

"शाळेतून."

"शाळा मी काढलेली नाही, अप्पा."

"हो, ती तेवढी राहिली होती तुझी. बाकी सगळं बरोबर आहे."

निशिगंधाने रिसिव्हर दुसऱ्या हातात घेतला. जर्मनीतल्या कुठल्यातरी स्टेशनात बसून ते हे बोलत असतील. नंबर चुकीचा दिसत असेल. डोकं फिरलं असेल त्यांचं, किंवा तिचं.

"गोडी विहीर कुठल्या हाताला आहे?" तिने विचारलं.

"डाव्या. फोटोत चुकलं होतं, इथे बरोबर आहे."

"तिथे कोण आहे तुमच्याबरोबर?"

"सगळे आहेत," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज तिने इतका तरतरीत कधी ऐकला नव्हता. मागून कोणीतरी हाक मारली. 'वासू.' अप्पांच्या वासुदेव या नावाचं वासू करणारं माणूस आता कोणी उरलेलं नव्हतं.

घड्याळात दोन चाळीस झाले होते.

काढायची नाही नोंद. कुशल काय विचारायचं ते विचारू दे, मारायके काय म्हणायचं ते म्हणू दे, डिसेंबरात कायम केलं नाही तरी चालेल. तिने खूण काढायला माउस हातात घेतला आणि यादी उघडली.

यादीत ओल्शेन्का नव्हतं.

तिने वर बघितलं, खाली बघितलं. पडद्यावर नुसतं हिरवं जंगल होतं.

टेबलांमधल्या फळीवरून कुशलचं डोकं वर आलं. "अगं, तुझं एक डिलीट पेंडिंग होतं. तू फोनवर होतीस, तीन वाजत आले, म्हणून मीच करून टाकलं. टेन्शन नको घेऊ."

"परत आण."

"काय?"

"परत आण ते, कुशल. आत्ता."

"कसं आणू? बॅकअप आता सोमवारीच मिळेल." तिचा चेहरा बघून तो घाईने फळीला वळसा घालून आला. "काय झालं? एक शब्द बोलली असतीस ना, मी हातसुद्धा लावला नसता."

तो खरं बोलत होता. तिला ते आता स्पष्ट दिसलं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

"निशू," कानात अप्पा म्हणाले, "थांब जरा."

ती थांबली.

"ओढा गप्प झाला."

इतका वेळ मागे जी खळखळ होती ती नव्हती.

"धरणाचं पाणी मागे चढत आलं की ओढा आधी गप्प होतो," अप्पा म्हणाले. आवाजात भीती नव्हती. मोजणीचा आकडा सांगावा तसे ते सांगत होते. "दगड पाण्याखाली गेल्यावर आवाज कशाचा येणार?"

"अप्पा, सोंडेवर चढा. आत्ताच्या आत्ता. सगळ्यांना घेऊन चढा."

"तेच सांगतोय मी त्यांना." दम लागल्यासारखे ते थांबले. "ऐकत नाही गं कोणी. आपापल्या दारात बसलेत. मागच्या वेळी तुझं ऐकलं, म्हणतात."

"मग तुम्ही तरी चढा! अप्पा!"

पलीकडे रिसिव्हर कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. कुशल तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

मग अप्पांचा आवाज आला, पण रिसिव्हरपासून लांबून. ते तिच्याशी बोलत नव्हते.

"आई, सरक थोडी," ते म्हणत होते. "मला बसू दे."